रेनकोटचं आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे निघतायत. वाचवता येईल का? आणि महागडं मेम्ब्रेनवालं जॅकेट सह्याद्रीत खरंच कामाचं आहे का?

पावसाळी_भटका

लोकहो, मदत हवीये. मे संपत आला म्हणून माळ्यावरून पावसाळी सामान खाली काढलं तर जॅकेटची पार वाट लागलेली. बाहेरून बघाल तर नवंकोरं, चेन व्यवस्थित, रंग जागच्या जागी, पण आतून जो पातळ चकचकीत थर असतो ना त्याचे पापुद्रे सुटलेत, खांदा आणि टोपीपाशी बोट लावलं की चिकटतंय, आणि वास असा की आईने विचारलं घरात ओकारी कुणाला झाली. सॅकच्या तळाशी आतून तेच, रेनकव्हरची पण तीच गत.

बरं वापरून वापरून झिजलं असंही नाही, मध्ये ऑफिस आणि घराच्या भानगडीत फारसा बाहेरच पडलो नव्हतो. स्वच्छ धुवून, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेलं होतं राव!

तर हे असं न वापरता खराब कसं होतं, आणि याच्यावर काही उपाय आहे का (एकजण म्हणाला टाल्कम पावडर मार), की सरळ फेकून द्यायचं? दुसरं म्हणजे नवीन घ्यायचंच झालं तर दुकानदार मला वीस हजाराच्या आसपासचं मेम्ब्रेनवालं (कापडाच्या आत वॉटरप्रूफ पातळ पडदा असलेलं) जॅकेट गळ्यात मारायला बघतोय, म्हणे पाऊस आत येत नाही आणि घाम बाहेर जातो. माझं फिरणं म्हणजे जुलै-ऑगस्टात राजमाची, लोहगड, अंधारबन, फार तर हरिश्चंद्रगड. हिमालयात वगैरे नाही. त्या जॅकेटला 'पीएफसी फ्री' असा टॅग पण होता, तो चांगला की वाईट तेही कुणीतरी सांगा.

---

रॉकेट_राजू

फेकून दे भावा. आणि मेम्ब्रेनवालं घे बिनधास्त, ते टेफ्लॉनचं असतं, नासाने अंतराळवीरांसाठी शोधलेलं मटेरियल आहे ते, त्याला काय होतंय लोहगडावर.

---

कोटिंगवाला

बरीच वर्षं कोटिंग लाइनवर काढलीत, आधी भिवंडीच्या बाजूला आणि मग सिल्वासाला, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नासाचं दुसरं कुणीतरी बघा.

भटका, तुमचं कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही. गेलंय ते त्याच्यावरचं पॉलियुरेथेन, आम्ही पीयू म्हणतो. कापड रोलवरून ताणून चालू असतं, वर आडवी पाती बसवलेली, पातीच्या पुढ्यात पीयूच्या पेस्टचा ढिगारा, पाती आणि कापड यांच्यात जेवढी फट तेवढाच थर पुढे सरकतो, मग ओव्हनमध्ये सॉल्व्हंट उडून जातं आणि कापडाला पातळशी कातडी चिकटून राहते. रेनकोटच्या कापडावर ही कातडी चौरस मीटरला दहा-वीस ग्रॅमपासून असते, म्हणजे तुमच्या अख्ख्या जॅकेटवर मूठभर माल. एवढ्याशा मालावर सगळं वॉटरप्रूफिंग उभं असतं.

आता पीयूच्या जाती असतात. स्वस्तातला जो असतो तो पॉलिएस्टर पॉलिओल नावाच्या कच्च्या मालापासून बनतो. (पॉलिएस्टर कापड वेगळं आणि पॉलिएस्टर जातीचा पीयू वेगळा, यात गल्लत करू नका, नायलॉनच्या कापडावरही पॉलिएस्टर जातीचा पीयू मारतात.) हा मऊ पडतो, कापडाला मस्त पकडतो, भाव परवडतो. पण याच्या साखळीत जे एस्टरचे सांधे असतात ते पाण्याने तुटतात, आणि सांधा तुटला की आम्ल तयार होतं, आणि आम्ल झालं की पुढचे सांधे आणखी भराभर तुटतात. म्हणजे एकदा सुरू झालं की आपोआप वेग घेतं. हायड्रोलिसिस म्हणतात याला. त्यासाठी पाऊस लागत नाही, हवेतली दमट वाफ पुरते, आणि वर उकाडा असला की काम आणखी लवकर. आपला माळा म्हणजे दोन्ही एकाच जागी.

आणि प्लॅस्टिकची पिशवी! धुतल्यावर शिवणीत, टोपीच्या दुमडीत थोडा ओलावा राहतोच, तो पिशवीत कोंडला गेला आणि वर्षभर शिजत बसला. वास येतोय तो बुरशीचा नाही, कोटिंग तुटतंय त्याचा आहे, त्यामुळे कितीही धुतलं तरी पूर्ण जाणार नाही. तुम्ही जॅकेट रोज घालून हिंडला असतात आणि घरी येऊन दोरीवर टाकत असतात तर कदाचित जास्त टिकलं असतं.

पॉलिइथर जातीचा पीयू पाण्याला बराच टिकतो पण त्याला ऊन सोसत नाही. पॉलिकार्बोनेट जातीचा सगळ्यात भारी, महाग, तो सहसा चांगल्या मालातच सापडतो. ग्राहकाला टॅगवर हे कोणी लिहून देत नाही, 'पीयू कोटेड' एवढंच छापलेलं असतं, आणि माल घेणाऱ्या पार्टीने मीटरमागे दोन रुपये कापायला सांगितले की पहिली काट इथेच बसते. हे मी स्वतः होताना बघितलंय, कुठल्या पार्टीने ते विचारू नका.

टाल्कम पावडरने चिकटपणा झाकला जातो, पाणी थांबत नाही. वाचवायचंच असेल तर रेनकव्हर वाचवा, ते सपाट असतं. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने जुना थर होईल तेवढा काढायचा, अडेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं, पूर्ण वाळवायचं, आणि तंबूला लावायचं पीयू सीलर मिळतं ते पातळ हाताने मारायचं. खिडक्या उघड्या ठेवून करा. जॅकेटला मात्र हे करू नका, शिवणीवरच्या टेपा आतापर्यंत सुटल्या असतील आणि त्या घरी परत बसत नाहीत, गरम हवेच्या मशीनवर बसवाव्या लागतात.

---

कपाटातलं_पेटंट

राजूभाऊ, नासा १९५८ ला स्थापन झाली. टेफ्लॉन ६ एप्रिल १९३८ चं. ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट फ्रिजसाठीच्या गॅसवर काम करत होता, सिलेंडर उघडला तर गॅसच येईना, वजन केलं तर सिलेंडर भरलेला. शेवटी करवतीने कापला तर आत पांढरी मेणचट पावडर, म्हणजे गॅसच्या रेणूंनी आतल्या आत साखळ्या जुळवून पॉलिमर करून टाकलेलं. अंतराळाबिंतराळाचा काही संबंध नाही, तो नंतर आला.

पण टेफ्लॉनचा जॅकेटमध्ये उपयोग कसा झाला ही गोष्ट जास्त भारी आहे. बिल गोर हा ड्यूपाँटमधलाच माणूस, १९५८ ला बाहेर पडून बायकोबरोबर घरच्या तळघरात वायरींवर टेफ्लॉन चढवायची कंपनी काढली. त्याचा मुलगा बॉब. १९६९ मध्ये बॉब टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून लांब करायला बघत होता, कारण ताणलं की तेवढ्याच मालात जास्त लांबी, म्हणजे पैसे वाचणार. सगळ्यांचा समज असा की हळूहळू ताणायचं. हळू ताणलं की कांडी तुटायची. वैतागून त्याने एक कांडी ओव्हनमधून काढली आणि जोरात हिसका मारला, तर ती जवळपास दहापट लांब झाली आणि तुटली नाही, जाडी पण फारशी कमी झाली नाही! म्हणजे आत हवा शिरली, सूक्ष्म जाळी तयार झाली. तेच गोर-टेक्स, महागड्या जॅकेटातलं मेम्ब्रेन. कंपनी सांगते की त्यातलं भोक पाण्याच्या थेंबाच्या वीस हजारपट लहान आणि वाफेच्या रेणूच्या सातशेपट मोठं असतं. १९७६ ला पेटंट मिळालं आणि त्याच सुमारास पहिली जॅकेटं बाजारात आली.

आता यातला मला आवडणारा भाग. न्यूझीलंडमधल्या जॉन क्रॉपर नावाच्या माणसाने १९६६ मध्येच टेफ्लॉन असं ताणायचं मशीन बनवलेलं होतं, म्हणजे बॉबच्या तीन वर्षं आधी. एका अमेरिकन कंपनीला ते विकलंही, पण दोघांनीही गुपित म्हणून झाकून ठेवलं. पुढे गोर कंपनीने गार्लॉक नावाच्या प्रतिस्पर्ध्यावर खटला टाकला तेव्हा गार्लॉकने हेच पुढे केलं, की बघा, शोध तर आधीच लागलेला होता. अमेरिकेतल्या अपील कोर्टाने १९८३ ला साधारण असं म्हटलं की तिसऱ्या माणसाने पद्धत लपवून ठेवली आणि नुसता माल विकला, माल बघून ती कशी ते कुणाला कळत नव्हतं, तर लोकांना त्यातून काही मिळालेलं नाही, सबब नंतर जो स्वतः शोधून उघड करतो त्याचं पेटंट त्याने बाद होत नाही. पेटंट शिकणाऱ्यांना हा खटला अजून शिकवतात. मला क्रॉपरबद्दल वाईट वाटतं पण कोर्टाचं बरोबर वाटतं, लपवायचं तर मग मिरवता येत नाही.

आणि भटका, तुमच्या चिकट जॅकेटचा आजार दोनशे वर्षं जुना आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ ला रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये भरलं, विरघळवायला वापरलं डांबरातून निघणारं नॅफ्था, जे गॅसच्या कारखान्यात फुकटात पडलेलं असायचं. रेनकोट झाला, पण उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक, वास बेकार, आणि लोकरीच्या कापडातलं तेल रबर खाऊन टाकायचं. वर शिंप्यांनी सुई मारली की भोकातून पाणी आत. रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करायची युक्ती हँकॉकने इंग्लंडात आणि गुडइयरने अमेरिकेत १८४३-४४ ला पेटंट केली तेव्हा कुठे चिकटपणा गेला. सुईच्या भोकांचं दुखणं मात्र शिवणीवर टेप मारायला लागेपर्यंत कायम होतं.

---

रॉकेट_राजू

बरं बाबा नासा नाही तर नाही, पण माल तर भारीच निघाला ना. मग घ्यायला सांगतोय त्यात चूक काय?

---

आडवाट

चूक नाही राजू, पण भटका राजमाचीला चाललाय, आल्प्समध्ये नाही. फरक कुठे पडतो ते सांगतो.

वाफ मेम्ब्रेनमधून कुणी ढकलत नाही, आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तर ती आपणहून बाहेर जाते. चढताना घामेजलेल्या अंगापाशी तापमान धरा चौतीस अंश, तिथे वाफेचा दाब साधारण ५.३ किलोपास्कल. युरोपात डोंगरात पाच अंश तापमान आणि बारीक पाऊस असेल तर बाहेर दाब जेमतेम ०.८. फरक साडेचार. आता जुलैतला आपला घाट घ्या, तापमान चोवीस, हवा पंचाण्णव टक्के दमट, बाहेरच २.८ बसतो. फरक उरला अडीच. म्हणजे तेच जॅकेट, तेवढेच पैसे, आणि घाम बाहेर काढायचा जोर जवळजवळ निम्मा. हा ढोबळ हिशोब आहे, जॅकेटच्या आत प्रत्यक्षात आणखी भानगडी असतात, पण दिशा हीच. आणि आपण तर दुप्पट घाम गाळतो, कारण थंडी नसतेच.

वर अजून एक. बाहेरचं कापड एकदा भिजून चिंब झालं की त्याच्यावर पाण्याचा थर बसतो, मग वाफेला वाटच राहत नाही, मेम्ब्रेन शाबूत असूनही आतून ओलं होतं आणि लोक म्हणतात जॅकेट गळतंय. जॅकेट गळत नाहीये, तुमचाच घाम आहे तो.

माझ्या ग्रुपमधले जे नियमित पावसात फिरतात त्यांच्यापैकी बहुतेकांनी हौसेने मेम्ब्रेन घेतलं आणि ते हिमालयासाठी कपाटात ठेवलं. इकडे साधं पीयूचं, काखेत चेन असलेलं, सैल जॅकेट, आत पटकन वाळणारा टीशर्ट, आणि सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे. भिजायचं तर आहेच, गारठायचं नाही एवढंच बघायचं. वारा नसेल तर छत्री सगळ्यात बेस्ट, अंधारबनच्या जंगलातल्या टप्प्यात मी छत्रीच उघडतो. कड्यावर मात्र छत्री आणि पोंचो दोन्ही नको, लोहगडच्या विंचूकाट्यावर वाऱ्याने पोंचो तोंडावर आला तर पुढचं पाऊल दिसत नाही.

---

कोटिंगवाला

आडवाट यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो. सुरुवातीच्या गोर-टेक्समध्ये नुसती टेफ्लॉनची जाळी होती, अंगाचं तेल आणि घाम त्या जाळीत शिरला की ती भिजायला लागायची आणि गळायची. म्हणून पुढे आतून पातळ पीयूचा थर देऊ लागले, तेल अडवायला. म्हणजे वीस हजाराच्या जॅकेटमध्येही कित्येकदा पीयू असतोच, फक्त चांगल्या जातीचा आणि फार पातळ. वाफ त्या थरात विरघळून पलीकडे जाते, भोकातून वारा जावा तशी जात नाही. त्यामुळे तेही पिशवीत कोंडून ठेवू नका.

बाहेरचं कापड भिजून चिंब का होतं हा वेगळा विषय, ते कोटिंग नाही, फिनिश आहे. कोटिंग म्हणजे कापडाच्या एका बाजूला सलग कातडी. फिनिश म्हणजे कापड द्रावणात बुडवून रोलमध्ये पिळून काढतात आणि स्टेंटरवर (कापड ताणून तापवायचं मशीन) दीडशे-एकशेसत्तर अंशाला भाजतात, त्यात प्रत्येक धाग्याला, प्रत्येक तंतूला वेगळा लेप बसतो, मधली भोकं उघडीच राहतात. पाणी मग अळूच्या पानावरच्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. ही ट्रीटमेंट धुण्याने, घासण्याने, सॅकच्या पट्ट्याने मरते. आणि मेली असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा मेलेली नसते, नुसती डिटर्जंटने किंवा फॅब्रिक कंडिशनरने झाकली गेलेली असते. साध्या पाण्यात दोनतीनदा खळबळून काढा, वाळवा, आणि लेबलवर चालतं लिहिलं असेल तर मंद इस्त्री, मध्ये सुती फडकं ठेवून. उष्णतेने तंतूवरच्या साखळ्या परत नीट उभ्या राहतात. कंडिशनर पावसाळी कपड्याला कधीच नको, तो कापड मऊ करायला जो थर मागे सोडतो तो पाणी धरतो.

---

परशुरामचा_पांथस्थ

पीएफसी फ्रीचं कुणी बोललंच नाही, आणि आमच्या चिपळूण-खेडकडच्यांसाठी तोच महत्त्वाचा विषय आहे, म्हणून लिहितो. लांब होईल.

कोटिंगवाले म्हणतात ती फिनिश बरीच वर्षं फ्लोरिनच्या रसायनांची होती, टॅगवरचं पीएफसी म्हणजे तीच. तिची सुरुवात पण अपघातानेच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या लॅबमध्ये एका सहायिकेच्या कॅनव्हासच्या बुटावर फ्लोरिनवालं रसायन सांडलं, काही केल्या निघेना, आणि बुटाचा तेवढाच भाग मळेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ या दोघांनी ते हेरलं आणि त्यातून स्कॉचगार्ड हे कापडाला डाग न लागू देणारं रसायन झालं, १९५६ ला बाजारात. फ्लोरिनची खासियत अशी की पाणी तर ढकलतंच पण तेलही ढकलतं. मेण आणि सिलिकॉन पाणी ढकलतात, तेलापुढे हात टेकतात.

आणि तेच पुढे अंगाशी आलं. कार्बन-फ्लोरिनचा सांधा इतका पक्का की निसर्गात तो तोडणारं जवळजवळ काही नाही. आठ कार्बनच्या साखळीचे जे होते, ज्यांना सी-एट म्हणतात, त्यांच्यातून निघणारे पीएफओएस आणि पीएफओए माणसांच्या रक्तात जगभर सापडले. थ्रीएमने २००० साली ते बंद करतो म्हणून जाहीर केलं. घातक, न विघटणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ ला गेलं, पीएफओए २०१९ ला. मग कंपन्या सहा कार्बनवर आल्या, सी-सिक्स, आणि आता त्यालाही विरोध. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवीन कपड्यांत मुद्दाम घातलेले पीफास (ही सगळी फ्लोरिनची रसायनं) बंद, भर पावसातल्या खास कपड्यांना तेवढी २०२८ पर्यंत सवलत. फ्रान्समध्ये २०२६ पासून. म्हणून भटका तुला तो टॅग दिसला. गोरनेसुद्धा २०२२ पासून टेफ्लॉनऐवजी ताणलेल्या पॉलिथिनचं मेम्ब्रेन आणलंय.

आता कोकणाचा संबंध. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो नावाच्या गावात मितेनी नावाचा कारखाना हेच फ्लोरिनचे पदार्थ बनवायचा. त्या भागातल्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणी बाधित झालं, कारखाना २०१८ ला दिवाळखोरीत गेला, आणि २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने जुन्या अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि आली कुठे, तर आमच्या लोटे परशुराम एमआयडीसीत. पेपरात आलेलं आहे सगळं. नवीन मालक म्हणतात आम्ही नियमाप्रमाणे चालवतो, पीएफओए बनवत नाही. असेल. पण दाभोळ खाडीत मासे मरतात म्हणून आमच्याकडचे भोई-कोळी या एमआयडीसीविरुद्ध पूर्वीपासून ओरडतायत, आणि ही फ्लोरिनची रसायनं तर अशी की वास नाही, रंग नाही, फेस दिसेलच असं नाही, मासा लगेच मरणार नाही, म्हणजे ओरडायला पुरावाच नाही हातात. तपासायला भारी मशीन लागतं आणि ते मशीन ग्रामपंचायतीकडे नसतं.

तेव्हा पीएफसी फ्री असेल तर चांगलंच आहे, घे. तेल ढकलणार नाही, वड्याचे हात जॅकेटला पुसू नको, बस.

---

कपाटातलं_पेटंट

पांथस्थ, छान लिहिलंत. शर्मनबाईंबद्दल एक, त्या काळात चाचण्या व्हायच्या त्या कापडगिरणीत बायकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे स्वतःच्याच शोधाची कापडावर चाचणी चालू असताना त्यांना बाहेर थांबावं लागलं होतं असं सांगतात.

---

जावळीची_माई

सगळ्या मुलांचं वाचलं. आमच्या वेळी हे काहीच नव्हतं बाबांनो. लावणीला इरलं आणि गुरांमागे जाणाऱ्याला घोंगडी. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्याच्यावर पळसाची नाहीतर दुसरी रुंद पानं दाबून बसवलेली, डोक्यावरून पाठीवर उतरतं. वाकून लावणी करताना पाठ कोरडी राहते आणि पुढून सगळं मोकळं, त्यामुळे वारं लागतं, तुमच्यासारखा आत घाम कोंडत नाही.

घोंगडी भिजते, नाही असं नाही, भिजली की चांगली जड होते. पण भिजली तरी ऊब धरते. मेंढीच्या लोकरीला स्वतःचं तेल असतं ते पाणी बरंच अडवतं, म्हणून गरम पाण्याने आणि सोड्याने घोंगडी धुवायची नाही असं सासूबाई सांगायच्या. आणि घोंगडी विणणारे सनगर लोक उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, ती नवीन घोंगडी कशी ताठ उभी राहते, तंबूच जणू. आमच्या मुलाने यंदा सुनेला ऑनलाइन रेनकोट मागवला, त्याची चेनच पहिल्या दिवशी हातात आली. कोटिंगवाले दादा, चिंचोक्याच्या खळीचं तुमच्याकडे काही असतं का हो?

---

कोटिंगवाला

असतं की माई! चिंचोक्याची पावडर आमच्या धंद्यात पोत्यांनी येते. तागाच्या आणि सुती सुताला सायझिंग करायला, आणि छपाईचा रंग दाट करायला. ती पण पॉलिमरच आहे, साखरेच्या रेणूंची लांब साखळी, झाडाने बनवलेली एवढंच. सनगर जे करतात तेच मागावर चढायच्या आधी गिरण्या करतात: सुताला लेप द्यायचा म्हणजे तंतू उभे राहत नाहीत आणि विणताना धागा तुटत नाही. फरक असा की गिरणीत विणून झाल्यावर तो लेप धुवून काढतात, घोंगडीत तसाच राहू देतात. पाणी अडवायचं काम मात्र खळीचं नाही, ती पाण्यात फुगते. ते लोकरीचं आणि तिच्या तेलाचं. आणि सासूबाईंचं अगदी बरोबर होतं, सोड्याने ते तेल सुटून निघून जातं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, तसा कृत्रिम तंतू आम्हाला अजून काही जमलेला नाही.

---

पावसाळी_भटका

बापरे, एका जॅकेटवरून केवढं काय काय कळलं. सगळ्यांचे आभार, माई तुमचे विशेष.

तर ठरवलंय असं: जॅकेट बाद, रेनकव्हर कोटिंगवाले म्हणतात तसं करून बघतो, आणि मेम्ब्रेन कॅन्सल. दोनअडीच हजारापर्यंतचं साधं पीयूचं घेईन. पण मग दुकानात उभा राहून चांगलं पीयू कसं ओळखायचं? टॅगवर लिहिलेलं नसतं म्हणालात. आणि एका टॅगवर ३००० मिमी, दुसऱ्यावर ८००० मिमी होतं, मोठा आकडा म्हणजे भारी?

---

कोटिंगवाला

जात ओळखता येत नाही, लॅबशिवाय मलाही येणार नाही. पण हलका माल ओळखता येतो. जॅकेट उलटं करा आणि आतली बाजू कोपरापाशी दोन्ही हातात धरून एकमेकांवर जोरात चोळा, पांढरी रेघ उठली किंवा भुकटी निघाली तर ठेवून द्या. मग शिवणी बघा, प्रत्येक शिवणीवर आतून टेप हवी, फक्त खांद्यावर मारून काखेत सोडून देतात, काख आणि टोपीची जोडणी आवर्जून बघा. टेपेचं टोक नखाने उचलून बघा, दुकानदार बघत नसताना. आणि वास घ्या, नव्या मालाला सॉल्व्हंटचा थोडा वास चालतो पण आंबूस आला तर तो गोडाउनमध्ये पडून राहिलेला माल आहे, हायड्रोलिसिस तिथेच सुरू झालेलं असतं. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतात ते बऱ्याचदा हेच.

मिमीचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच धरला की पलीकडे थेंब दिसायला लागतात तो. तीन हजार म्हणजे तीन मीटर पाणी. अंगावर पडणाऱ्या पावसाला तेवढं पुरतं, खरा दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली आणि ओल्या दगडावर बूड टेकलं की. तुम्हाला तीन ते पाच हजार भरपूर झाले. पण हा आकडा कोऱ्या कापडाचा असतो, पाच वेळा धुतल्यानंतरचा विचारा, दुकानदाराला सांगता आला तर मला त्या दुकानाचं नाव कळवा.

---

आडवाट

आणि एक साइज मोठा घे, आत हवा खेळायला पाहिजे. काखेत चेन नसेल तर घेऊच नको.

---

जावळीची_माई

आणि घरी आलास की दोरीवर टाक रे, पिशवीत नको बांधूस. हॅंगरला उलटं करून लाव, सावलीत.